काटा शून्यावर, तरी फोटो काळपट का?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न आपण डोळा लावतो त्या व्ह्यूफाइंडरच्या तळाशी दिसणाऱ्या त्या बारक्या पट्टीबद्दल आहेत. मधे शून्य, एका बाजूला प्लस, एका बाजूला मायनस आणि खाली सरकणारा काटा. म्हणून लेन्स, ट्रायपॉड वगैरेचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, आज फक्त मीटरबद्दल, म्हणजे ती पट्टी चालवणाऱ्या, उजेड मोजणाऱ्या भागाबद्दल बोलू. कॅमेऱ्यातली ही एक गोष्ट नीट समजली की महागडी लेन्स घेऊनही जो फरक पडत नाही तो पडतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (सातारा): सर, माझा निकॉन डी३५०० आहे. पालखीत मॅन्युअल मोडवर फोटो काढले, प्रत्येक वेळी काटा बरोब्बर शून्यावर आणून मगच क्लिक केलं. तरी वारकऱ्यांचे पांढरे कपडे मळकट राखाडी आलेत आणि चेहरे तर काळेच. मीटर बिघडलंय का? सर्व्हिस सेंटरला दाखवू का?

नाही हो, मीटर ठणठणीत आहे, ती फेरी वाचवा. शून्य म्हणजे फोटो बरोबर येणार असं आपण धरून चालतो ना, तिथेच सगळी गडबड आहे. मीटर एवढंच सांगतं की तुम्ही जिथे रोखलंय ती जागा या सेटिंगवर फोटोत मध्यम राखाडी येईल. ती राखाडी यायला हवी की पांढरी की काळी हे त्याला कुठून कळणार, ते तुम्हालाच ठरवायचंय.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत आलेला उजेड मोजतं. आता सावलीतलं पांढरं धोतर आणि उन्हातलं काळं घोंगडं, दोन्हींकडून अगदी सारखाच उजेड लेन्समधे येऊ शकतो, आणि यातलं धोतर कुठलं नि घोंगडं कुठलं हे मीटरला समजत नाही. म्हणून ते एक गोष्ट गृहीत धरतं, की समोर जे काही आहे ते सगळं मिळून सरासरी मध्यम राखाडी आहे. फोटोच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं, पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारं, साधारण तसं. १८ च का, ५० का नाही, तर आपला डोळा उजेड सरळ हिशोबाने बघत नाही, १८ टक्केवाला राखाडीच आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटतो. मीटर प्रत्यक्षात १८ वर लावलेलं असतं की १२-१३ वर यावरून फोटोग्राफर लोक तासनतास वाद घालतात, पण तो फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी), त्यात आत्ता पडू नका.

आता धुतलेलं पांढरं कापड उजेडाचा ८०-९० टक्के भाग परत फेकतं, म्हणजे त्या राखाडीच्या जवळजवळ पाचपट. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन स्टॉप म्हणजे चौपट, त्यामुळे पांढरं कापड मध्यम राखाडीच्या वर दोन स्टॉपपेक्षा थोडं जास्तच बसतं. तुमच्या फ्रेममधे सगळीकडे पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, वर आषाढातलं पांढरंफटक आभाळ, आणि तुम्ही काटा आणला शून्यावर, म्हणजे कॅमेऱ्याला सांगितलंत की हे सगळं राखाडी कर, आणि त्याने ते केलं. चेहरे मुळातच कपड्यांपेक्षा गडद, ते कपड्यांबरोबर आणखी खाली गेले. मॅट्रिक्स मीटरिंग (सगळी फ्रेम भागाभागांत मोजणारी पद्धत) असेल तर कॅमेरा थोडंफार ओळखून सुधारणा करतो, पण अशा गर्दीत ती पुरत नाही.

मग पुढच्या वर्षी काय करायचं. मॅट्रिक्सवरच ठेवा आणि फ्रेम अर्ध्याहून जास्त पांढरी असेल तर काटा +१ ते +१.५ पर्यंत न घाबरता जाऊ द्या. एक फोटो काढून स्क्रीनवर बघा, प्लेबॅकमधे हायलाइट डिस्प्ले सुरू केला असेल तर जळालेला भाग लुकलुकतो. आभाळ लुकलुकलं तर बिलकुल चिंता नको, सदरे लुकलुकायला लागले तर एक तृतीयांश स्टॉप खाली या. दुसरा रस्ता स्पॉट मीटरिंगचा, म्हणजे फ्रेमच्या एका छोट्या ठिपक्यापुरतंच मोजायचा. एखाद्या सदऱ्यावर रोखा आणि शटर (उजेड किती वेळ आत येणार) किंवा लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर असं फिरवा की काटा +२ च्या जवळ जाईल, म्हणजे पांढरं पांढरंच येईल आणि त्यातल्या घड्याही दिसतील. मग तीच सेटिंग ठेवून उजेड बदलेपर्यंत बिनधास्त काढत राहा, काटा इकडेतिकडे नाचला तरी लक्ष देऊ नका.

पांढरं काही हाताशी नसेल तर पावसाळ्यातलं हिरवं गवत बघा, ते बऱ्यापैकी मध्यम राखाडीइतकंच भरतं, त्यावर शून्य चालतं. किंवा आपला तळहात. तळहात बहुतेकांचा, मग माणूस गोरा असो की सावळा, राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तर तो त्याच उजेडात धरून काटा +१ वर आणायचा.

आणि चेहऱ्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. चेहऱ्यावर मीटर केलं की +१ ठेवा असं बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळतं, तो नियम गोऱ्या कातडीसाठी आहे. आपल्याकडचा गव्हाळ चेहरा शून्याच्या आसपास छान बसतो, उन्हात रापलेला सावळा चेहरा त्याच्याही अर्धा-एक स्टॉप खाली. तो ओढूनताणून +१ वर नेला की माणूस वेगळाच दिसायला लागतो. रापलेला चेहरा रापलेलाच दिसू द्या, तो काळा पडू नये एवढंच बघा.

प्रश्न (टोरांटो): बर्फात मुलांचे फोटो काढले की बर्फ निळसर-राखाडी येतो, काय चुकतंय?

वरचं वारीचं उत्तर जसंच्या तसं लागू. उन्हातल्या बर्फाला +१.७ ते +२ द्या. निळेपणाचा मीटरशी संबंध नाही, तो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरा रंग पांढरा दाखवायच्या सेटिंगचा भाग, सावलीत असाल तर ते ‘शेड’वर ठेवून बघा.

प्रश्न (नागपूर): दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, नवीनच डीएसएलआर घेतलाय. एम (मॅन्युअल) मोडमधे शटर कितीही फिरवलं तरी काटा शून्यावरून हलतच नाही. आणि ए मोडमधे काटा हलतो पण तो कधी हलतो ते कळत नाही. मला मीटर कळेचना झालंय.

तुझा आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, ऑटोवर आहे, ९९ टक्के तेच. एम मोडमधे तू शटरचा वेग वाढवलास, उजेड कमी झाला, की कॅमेरा गुपचूप आयएसओ वाढवून हिशोब परत शून्यावर आणतो, त्यामुळे काट्याला हलायचं कारणच उरत नाही. आयएसओची हद्द संपली, म्हणजे कमाल मर्यादेला पोचला किंवा १०० च्या खाली जाता येईना, की मगच काटा सरकतो. आयएसओ हाताने ४०० वर ठेव आणि खिडकीकडे रोखून डायल फिरव, काटा पळायला लागेल.

आता दुसरा भाग, आणि हा खरंतर सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. ती पट्टी दोन वेगवेगळी कामं करते आणि हे कॅमेरा विकणारा कोणी सांगत नाही. एम मोडमधे ती मीटरचं रीडिंग दाखवते, म्हणजे तू लावलेली सेटिंग आणि कॅमेऱ्याला वाटणारी सेटिंग यात किती स्टॉपचं अंतर आहे ते. ए, एस, पी मोडमधे मात्र एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, कॅमेराच जुळवून घेतो, अंतर असं राहतच नाही, तिथे पट्टीवर दिसतं ते तू लावलेलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबापेक्षा मुद्दाम मागितलेला कमीजास्त उजेड. तू +१ लावलंस की काटा +१ वर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो, अंधारात ने नाहीतर उन्हात ने. म्हणजे एम मोडमधला +१ ही कॅमेऱ्याने तुला दिलेली माहिती आहे, आणि ए मोडमधला +१ ही तू कॅमेऱ्याला दिलेली ऑर्डर. म्हणूनच काल संध्याकाळी लावलेलं −२ तसंच राहिलं तर आज सकाळचे सगळे फोटो काळे येतात, तेव्हा कॅमेरा बॅगेत टाकताना कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायची सवय लाव.

आणखी एक, पट्टी काही सेकंदांनी गायब होते, शटर बटन अर्धं दाबलं की परत येते. काटा पट्टीच्या टोकाला जाऊन लुकलुकत असेल किंवा टोकाला बाण दिसत असेल तर त्याचा अर्थ पट्टीवर मावणार नाही इतकं अंतर पडलंय, मॉडेलप्रमाणे दोन किंवा तीन स्टॉपच्या पलीकडे.

प्रश्न (रत्नागिरी): मॅट्रिक्स, सेंटर, स्पॉट, यातलं नेमकं कुठलं लावून ठेवायचं? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी मुख्यतः पक्षी काढतो.

आधी हे तीन आले कुठून ते थोडक्यात. लेन्समधून आलेला उजेड कॅमेऱ्याच्या आत मोजायचा हे १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरपासून एसएलआरमधे (लेन्समधलंच चित्र आरशातून व्ह्यूफाइंडरमधे दाखवणारे कॅमेरे) सुरू झालं, १९६४ ला पेंटॅक्सचा स्पॉटमॅटिक आला, ज्याच्या नावात स्पॉट होतं पण विक्रीला आलेला कॅमेरा पूर्ण फ्रेमची सरासरी मोजायचा. त्यात खरोखरचा काटा होता, व्ह्यूफाइंडरच्या कडेला हलणारा. सरासरीची अडचण अशी की वर आभाळ असलं की माणूस काळा, म्हणून मधल्या भागाला जास्त वजन द्यायची सेंटर-वेटेड पद्धत रुळली, आणि १९८३ च्या निकॉन एफएने फ्रेमचे पाच भाग करून त्यांची आपसात तुलना करायला सुरुवात केली. आजचं मॅट्रिक्स किंवा कॅननचं इव्हॅल्युएटिव्ह ते त्याच वंशातलं. १९९६ च्या एफ५ मधे १००५ पिक्सेलचा रंग ओळखणारा सेन्सर फक्त मीटरसाठी होता!

माझा सल्ला स्पष्ट आहे, रोजच्या वापराला मॅट्रिक्स आणि त्यावर कॉम्पेन्सेशन. मोड बदलत बसण्यापेक्षा एका मोडचा स्वभाव पाठ होणं जास्त कामाचं, तो कुठे फसतो हे तुम्हाला दोन महिन्यांत फोटो काढायच्या आधीच कळायला लागतं.

पक्ष्यांसाठी मात्र स्पॉट शिकून घ्याच. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला बगळा घ्या. पाणी गडद, बगळा पांढराशुभ्र आणि फ्रेममधे एवढुसा. मॅट्रिक्सला दिसतं ते मुख्यतः गडद पाणी, ते त्याला उजळ करायला जातं आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो, रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे काढलं तरी एका मर्यादेपलीकडे परत येत नाही. तर वारीतल्या गर्दीत प्लस करायचं होतं आणि इथे, पांढराच विषय असून, मॅट्रिक्सवर −१ करायचंय. हे उलटं वाटतं पण नीट विचार करा, फरक विषयाच्या रंगाचा नाही, फ्रेममधे जास्त जागा कोणी घेतलीय त्याचा आहे. स्पॉट लावून थेट बगळ्यावर मोजलंत तर ही कसरत करावी लागत नाही, काटा +१.५ च्या आसपास ठेवा.

पण स्पॉट कुठे मोजतं हे कॅमेऱ्याप्रमाणे बदलतं. डी३५०० मधे ते निवडलेल्या फोकस पॉइंटपाशी मोजतं, फ्रेमच्या साधारण अडीच टक्के भागात. बऱ्याच कॅननमधे मात्र ते कायम मधोमध असतं, तुमचा फोकस पॉइंट कडेला असला तरी. कॅनन १५००डी वाल्यांना तर स्पॉट मिळतच नाही, तिथे पार्शल आहे, मधला १० टक्के भाग, लांब लेन्सने पक्षी मधोमध मोठा घेतला तर तेही चालतं. आणखी एक फरक असा की कॅननच्या डीएसएलआरमधे इव्हॅल्युएटिव्ह आणि वन शॉट फोकस (एकदा फोकस करून तिथेच थांबणारा) असेल तर अर्धं बटन दाबल्यावर फोकसबरोबर एक्सपोजरही लॉक होतं, पार्शल किंवा स्पॉटमधे होत नाही. तिथे मोजून फ्रेम हलवायची असेल तर अंगठ्याजवळचं चांदणीचं बटन दाबा, निकॉनमधे एई-एल. हे न कळल्यामुळे लोक स्पॉटला शिव्या घालून परत मॅट्रिक्सवर येतात.

नाटक, लावणी, गाण्याचा कार्यक्रम असं स्टेजवरचं काढणाऱ्यांनी निकॉनमधलं हायलाइट-वेटेड मीटरिंग बघा, २०१४ च्या डी८१० पासून काही मॉडेलमधे येतं. काळ्या पडद्यासमोर स्पॉटलाइटमधल्या कलाकाराचा चेहरा न जाळता मोजायला त्याच्याइतकं सोयीचं मला दुसरं काही वाटत नाही.

प्रश्न (पुणे): मी मिररलेस घेतलाय, व्ह्यूफाइंडरमधे फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. मग मीटरची पट्टी बघायची गरज उरलीय का?

उरलीय, फक्त कमी झालीय. मिररलेसमधे आरसा नसतो, त्यामुळे ते चित्र दिसतं ती एक छोटी स्क्रीन आहे आणि तिचा ब्राइटनेस वेगळा सेट होतो, काही कॅमेऱ्यांत ऑटोवर असतो. भर दुपारी उन्हात बघितलं की चित्र अंधारं वाटतं, तुम्ही प्लस करत जाता आणि घरी येऊन बघता तर सगळं उडालेलं. रात्री उलटं, स्क्रीन झगझगीत वाटते म्हणून आपण मायनस करतो आणि फोटो काळे येतात. शिवाय सोनीत सेटिंग इफेक्ट किंवा कॅननमधे एक्सपोजर सिम्युलेशन बंद असेल तर दिसणाऱ्या चित्राचा तुमच्या एक्सपोजरशी संबंधच राहत नाही, आणि स्टुडिओत फ्लॅश लावल्यावर ते मुद्दाम बंद करावं लागतं, नाहीतर व्ह्यूफाइंडर मिट्ट काळा दिसतो.

त्यामुळे चित्र बघून अंदाज घ्या पण निर्णय हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत काय किती आहे त्या आलेखावर घ्या. झेब्रा असेल तर तोही लावा, जळू पाहणाऱ्या भागावर तिरके पट्टे येतात. एक सावधगिरी, दसऱ्याला झेंडूचे ढीग किंवा जेजुरीचा भंडारा काढताना ब्राइटनेसचा एकच हिस्टोग्राम फसवतो. पिवळ्या-केशरी रंगात लाल चॅनल सगळ्यात आधी भरून जातो आणि एकूण आलेख बघितला तर सगळं आलबेल दिसतं, मग फोटोत पाकळ्या न दिसता नुसते रंगाचे गोळे दिसतात. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला चिकटला की अर्धा ते एक स्टॉप कमी करा.

प्रश्न (बेळगाव): कोजागरीचा चंद्र. दर वर्षी पांढरी टिकली येते. मीटर तर उलट अंडर (उजेड कमी) दाखवतं, म्हणून मी अजून उजेड वाढवतो.

वाढवू नका, मीटर इथे आभाळ मोजतंय. चंद्रावर आत्ता भर दुपारचं ऊन पडलंय हे लक्षात घ्या, तो उन्हातला खडक आहे, त्याला उन्हातल्या खडकाचंच एक्सपोजर हवं. आपल्याकडे लख्ख उन्हात एफ १६ (अ‍ॅपर्चरचा आकडा) आणि आयएसओएवढं शटर चालतं, आयएसओ १०० ला १/१००. पूर्ण चंद्रासाठी त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे एफ ११, आयएसओ १००, शटर १/१००. हातात धरून लांब लेन्सने काढणार असाल तर आयएसओ २००, एफ ८, १/४००, हिशोब तोच राहतो. काटा पार मायनसच्या टोकाला जाऊन लुकलुकेल, लुकलुकू द्या. स्पॉट असेल आणि चंद्र त्या वर्तुळात पूर्ण भरत असेल तर मोजून बघा, मीटरही जवळपास हेच सांगेल. हे आकडे चंद्र चांगला वर आल्यानंतरचे आहेत, नुकताच उगवलेला तांबूस चंद्र बराच मंद असतो, तेव्हा दोन-तीन स्टॉप जास्त लागू शकतात.

प्रश्न (ठाणे): ट्रायपॉडवर कॅमेरा लावून टायमरने फोटो काढला की अंडर येतो, हातात धरून काढला की ठीक येतो, सेटिंग तीच.

डीएसएलआर असणार. त्यात मीटरचा सेन्सर वर, व्ह्यूफाइंडरच्या वाटेवर असतो. तुम्ही डोळा काढलात की मागून उजेड आत शिरतो, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे. डोळ्याची जागा झाका, त्यासाठी बऱ्याच कॅननच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्यालाच एक रबरी झाकण अडकवलेलं असतं, लोकांना ते कशासाठी आहे तेच माहीत नसतं. किंवा एम मोड लावा. मिररलेसमधे हा प्रश्न येत नाही, तिथे मुख्य सेन्सरच मोजमाप करतो.

प्रश्न (कोल्हापूर): मित्राच्या जुन्या निकॉनमधे प्लस डावीकडे आहे, माझ्या कॅननमधे उजवीकडे. असं का?

जुन्या निकॉनमधे तशीच पद्धत होती, बिघाड नाही. बऱ्याच मॉडेलमधे कस्टम सेटिंगच्या मेनूत ते उलटं करता येतं. दोघं एकमेकांचा कॅमेरा वापरत असाल तर करूनच टाका, घाईच्या वेळी हात चुकीच्या दिशेला जातो.

प्रश्न (नांदेड): मंगल कार्यालयात एम मोड, सेटिंग कायम, काटा शून्यावर, १/५०० शटर. तरी एकामागून एक काढलेल्या दहा फोटोंत काही उजळ, काही काळे, काही पिवळट. हे कसं काय?

लाइट लुकलुकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/५०० ला कळतं, त्या तेवढ्याशा वेळात दिवा पूर्ण तेजात होता की मंदावलेला यावर तुमचा फोटो ठरतो. मीटर मोजतं एका क्षणी आणि शटर उघडतं दुसऱ्याच क्षणी, म्हणून काटा शून्यावर असूनही फोटो वेगवेगळे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, म्हणजे लुकलुकण्याचं एक किंवा दोन पूर्ण चक्र त्यात बसतं आणि उजेड सारखा येतो. नवरानवरी हार घालताना १/१०० ला हात थोडे हलल्यासारखे येतील, तिथे फ्लॅश वापरा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो लावून बघा, तो दिवा पूर्ण तेजात असतानाच शटर सोडतो, बर्स्टचा, म्हणजे सलग फोटो काढायचा वेग जरा कमी होतो एवढंच. आणि स्टेजवरचे रंगीत एलईडी याच हिशोबाने चालतील असं नाही, त्यांचं लुकलुकणं वेगळंही असतं, तिथे १/१०० वरही पट्टे आले तर १/८०, १/६० असं एकेक करून आधीच बघून ठेवा, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत.